गोरिला ट्रेकिंगची तयारी : युगांडा की रवांडा, परमिट, पाय आणि सामान

सातमाळा
नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत मी आणि बाबा माउंटन गोरिला पाहायला जायचं म्हणतोय. बाबांचं वय ६३. सह्याद्रीत नियमित फिरतात, पण डावा गुडघा उतारावर कुरकुरतो. हातात सात रात्री आहेत, निघणार मुंबईहून. रवांडा की युगांडा इथेच गाडी अडली आहे. एजंटांची कोटेशन्स एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. शिवाय इथून नेमकं काय घेऊन जायचं, लशी कोणत्या आणि पायांची तयारी किती, हेही सांगा. 'आयुष्यात एकदा जायलाच हवं' वगैरे नको, ते पटलंय म्हणूनच विचारतोय.

कंपालाकर
कोटेशन्स जुळत नाहीत कारण कोणी परमिट धरतो, कोणी धरत नाही. आधी परमिटचा आकडा वेगळा काढून मागा. रवांडात २०१७ पासून माणशी १५०० डॉलर. युगांडात जुलै २०२४ पासून ८००, त्याआधी ७०० होता. म्हणजे दोघांत १४०० डॉलरचा फरक नुसत्या परमिटचा.

हा वाचलेला पैसा परत कुठे जातो तेही बघा. किगालीहून रवांडाच्या व्होल्केनोज राष्ट्रीय उद्यानाजवळचं मुसांझे अडीच तासांवर. रस्ता गुळगुळीत. युगांडाच्या एंटेबे विमानतळाहून ब्विंडी, म्हणजे तिथलं गोरिलांचं जंगल, मात्र आठ ते दहा तास, शेवटचा टप्पा कच्च्या घाटाचा. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. ते टाळायला किहिही किंवा किसोरोला छोटी विमानं जातात, पण त्यात माणशी १५ किलो सामान आणि तेही मऊ बॅगेतच. कडक सुटकेस घेत नाहीत.

मधला मार्ग : किगालीला उतरायचं, गाडीने सीमा ओलांडायची आणि ब्विंडीच्या दक्षिण भागात युगांडाच्या परमिटवर ट्रेक करायचा. चार-पाच तासांचा प्रवास. सात रात्रींत हे आरामात बसतं.

काँगोत परमिट ४०० डॉलरचं असायचं. तिकडची परिस्थिती बघता आत्ता तो विषयच नको.

चिकूशेठ
गोरिलांसोबत एकच तास मिळतो ना? म्हणजे रवांडात मिनिटाला २५ डॉलर. एक शिंक आली की गेले दोन-तीन डॉलर!

औषधपाणी
चिकूशेठ, शिंक आली तर सगळेच जातील. सर्दी, खोकला, ताप असलेल्या माणसाला सकाळीच बाजूला काढतात. यात रेंजरचा शब्द अंतिम. माणसाचा साधा श्वसनसंसर्ग गोरिलांना जिवावर बेततो, अख्खं कुटुंब आजारी पडतं. म्हणून जायच्या आधीचे दहा दिवस लग्नं, गर्दीच्या बसगाड्या टाळा आणि विमानात मास्क लावा. ट्रेक सहलीच्या पहिल्याच दिवशी ठेवू नका, कारण विमानातल्या एसीने बसलेला घसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटतो.

घाटवाटा
'युगांडा अवघड, रवांडा सोपं' असं सरसकट सांगतात ते अर्धंच खरं. अवघड-सोपं हे तुमच्या वाट्याला आलेलं गोरिलांचं कुटुंब त्या दिवशी कुठे चरतंय यावर ठरतं. अर्ध्या तासात गोरिला दिसलेले लोक असतात आणि संध्याकाळी चिखलाने माखून परतलेलेही.

तरी जमिनीचा फरक आहेच. रवांडात आधी बटाटा आणि पायरेथ्रमच्या शेतांतून चढायचं, मग दगडी गडग्याची भिंत ओलांडायची, मग बांबू. वाट बऱ्यापैकी असते, पण उंची जास्त. किनिगीचं उद्यान-मुख्यालयच कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहे आणि चढ तिथून पुढे सुरू. दम लागतो. ब्विंडी ११६० ते २६०७ मीटरमध्ये, पण सगळं तीव्र उताराचं. पायवाट सोडली की कोयत्याने वेली तोडत जायचं. पाय जमिनीवर न पडता दाबल्या गेलेल्या वेलींच्या थरावर पडतो आणि तो कधी गुडघ्यापर्यंत आत जाईल सांगता येत नाही. कुरकुरत्या गुडघ्याला त्रास होतो तो इथे.

बाबांसाठी : नुसते जिने चढणं पुरेसं नाही. जिन्याने छाती तयार होते, घोटे होत नाहीत. आठवड्यातून एकदा वाट सोडून आडव्या उतारावर, गवतातून चालवा, पाठीवर पाच किलो घेऊन. आणि वेळ लावा तो उताराला. पायरीवर एका पायाने सावकाश खाली येणं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, रोज. जायच्या दोन महिने आधी सुरुवात, शेवटचा आठवडा विश्रांती.

निसर्गवेडी
एक गोष्ट कोणी बोललं नाही. ब्विंडी म्हणजे एक प्रवेशद्वार नाही. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो असे चार विभाग आहेत आणि परमिट त्या-त्या विभागाचं असतं. सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. परमिट रुशागाचं आणि हॉटेल बुहोमात, कारण नकाशावर दोन्ही 'ब्विंडी' दिसतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रस्त्याने काही तास लागतात आणि सकाळी आठच्या आत हजेरी द्यायची असते. परमिट हातात आल्याशिवाय हॉटेलचे पैसे भरू नका. परमिटवरचं नाव पासपोर्टाशी अक्षरशः जुळतं का बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही यावर गोंधळ होतो. ट्रेकच्या दिवशी मूळ पासपोर्ट लागतो.

एका कुटुंबाला दिवसाला आठच माणसं, त्यामुळे जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या काळातली परमिटं महिनोन्महिने आधी संपतात. तुम्ही आत्ताच हलायला हवं.

कंपालाकर
निसर्गवेडीताईंना दुजोरा. किगालीहून येणाऱ्यांना रुशागा सोयीचं. तिथे माणसांना सरावलेली कुटुंबंही जास्त, त्यामुळे तारीख मिळायची शक्यता जास्त. न्कुरिंगो जवळच, पण तिथे सुरुवातच लांब उताराने होते आणि परतताना तोच चढ. गुडघा बघता मी न्कुरिंगो टाळीन. म्गाहिंगा या युगांडाच्या दुसऱ्या उद्यानातही गोरिला आहेत, पण सरावलेलं कुटुंब एकच, न्याकागेझी.

रुशागातच 'हॅबिच्युएशन'चं वेगळं परमिट मिळतं. अजून पूर्ण न सरावलेल्या कुटुंबासोबत चार तास, चारच पर्यटक. महाग आहे आणि चालणं बेभरवशाचं. पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यात गुडघा असताना, त्या वाटेला जाऊ नये.

औषधपाणी
लशींचं सविस्तर लिहितो, कारण बाबांचं वय ६३.

युगांडात शिरताना पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागतं. युगांडाहून रवांडात परतताना मागतात. भारतात परत येताना तर नक्कीच मागतात. कार्ड नसेल तर थेट विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. केंद्रांचे वार ठरलेले असतात, आधी नोंदणी करावी लागते, मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं. त्यानंतर आयुष्यभर चालतं, दहा वर्षांची जुनी अट २०१६ मध्ये गेली.

आता वयाचं. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण थोडं वाढतं. म्हणून बाबांनी सरळ रांगेत उभं राहू नये. आधी फिजिशियनला भेटून चालू औषधं सांगायची. स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी यापैकी काही असेल तर लस देत नाहीत. वैद्यकीय सूटपत्र मिळू शकतं, पण ते सीमेवर मान्य करायचं की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. बाबांचं आधी ठरवा, परमिट नंतर.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डोंगरात थंडी असल्याने डास कमी, पण किगाली, एंटेबे, सफारीची उद्यानं इथे धोका आहे. डॉक्सिसायक्लिन घेतलीत तर उन्हात त्वचा भाजते, टोपी आणि पूर्ण बाह्या हव्यातच. परतल्यावरही कोर्स पूर्ण करायचा. लोक मुंबईत उतरले की गोळ्या बंद करतात, ते चूक.

लेन्सबहाद्दर
कॅमेऱ्यावर कोणी बोलायच्या आत मीच हात धुऊन घेतो.

६०० मिमीची तोफ घरी ठेवा. नियमाचं अंतर आता १० मीटर आहे. फुल फ्रेमवर २०० मिमी लावलं की १० मीटरवर चौकटीत साधारण १.८ बाय १.२ मीटर मावतं, म्हणजे बसलेला सिल्व्हरबॅक (रुपेरी पाठीचा मोठा नर) चौकट भरून टाकतो. ७०-२०० एफ २.८ हे उत्तम. एकच लेन्स न्यायची असेल तर २४-१०५ सुद्धा चालेल, कारण पिल्लं नियम वाचत नाहीत, चालत जवळ येतात.

फ्लॅशला सक्त मनाई. घरीच सेटिंगमध्ये बंद करा, मोबाइलचाही. फोकसच्या मदतीचा छोटा दिवाही बंद करा, तो लोक विसरतात.

खरी गोची प्रकाशमापनाची. समोर काळ्या केसांचा ढीग असतो. मीटरला वाटतं अंधार आहे आणि तो फोटो उजळवतो. गोरिला राखाडी येतो, मागची पानं पांढरी फटक. एक्सपोजर वजा २/३ ते वजा १ वर ठेवा आणि रॉ मध्ये काढा. आयएसओ ३२०० ला घाबरू नका, झाडीखाली दुपारीही संध्याकाळ असते. डोळा शोधणारा ऑटोफोकस मधल्या पानांवर अडकतो. एकच बिंदू ठेवून भुवईच्या हाडावर टेकवा, कारण काळ्या चेहऱ्यात काळा डोळा पकडणं कॅमेऱ्याला जड जातं.

ट्रायपॉड निरुपयोगी. ड्रोन तर नेऊच नका, परवान्याशिवाय विमानतळावरच ठेवून घेतात.

चिकूशेठ
मोबाइलवाल्यांनी काय करायचं मग, लांबूनच रामराम?

लेन्सबहाद्दर
मोबाइलवाल्यांनी व्हिडिओ काढावा. आडवा. पडद्यावर गोरिलाच्या छातीवर बोट दाबून धरलं की एक्सपोजर बांधलं जातं, मग बोट खाली सरकवून जरा काळं करायचं. वीस मिनिटांनी खिशात ठेवून नुसतं बघावं, असं आपलं माझं मत. पैसे बघण्याचे दिलेत.

वनिता_किसोरो
कपड्यांचं. ही जंगलं कोरड्या महिन्यांतही ओली असतात, फेब्रुवारीत पाऊस नाही असं समजू नका. पातळ रेनकोट आणि बॅगेचं कव्हर आणा. छत्री काट्यांत फाटते. जीन्स नको, भिजली की दोन किलोची होते आणि वाळत नाही. जाड विणीची, झपाट्याने वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. रंग खाकी, हिरवा, तपकिरी. निळा-काळा नको, त्या रंगांकडे त्सेत्से माशा येतात. त्या डोंगरात नसतात, पण पुढे सफारीला गेलात तर तेच कपडे कामाला येतील.

बागकामाचे जाड हातमोजे सगळ्यात महत्त्वाचे. तोल गेला की हात आपोआप झुडपाला जातो आणि तिथे खाजरी झुडपं असतात, आपल्या आग्यासारखी पण जास्त उंच. पातळ सुती मोज्यांतून काटा लागतो.

पायाचं असं करायचं : पँटचं टोक मोज्यात खोचायचं, मोजा जाड आणि उंच हवा, त्यावर गेटर (नडगी झाकणारं कापडी आवरण), गेटरचा हूक बुटाच्या लेसमध्ये. हे चिखलासाठी कमी आणि सफारी मुंग्यांसाठी जास्त. त्यांची रांग ओलांडताना थांबायचं नाही. थांबलात तर त्या आत शिरतात, वर चढतात आणि मग चावतात, एकदम सगळ्या.

घाटवाटा
गेटरऐवजी गमबूट का नाही? पोर्टर, ट्रॅकर सगळे तेच घालतात.

वनिता_किसोरो
त्यांचे पाय घडलेत त्यात. गमबूट घोट्याला धरत नाही, ब्विंडीच्या आडव्या उतारावर आत पाय फिरतो. रवांडाच्या चिखलात, वाट बरी असते तिथे, चालतील. बाबांना घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, किमान महिनाभर वापरलेले बूट. नवेकोरे बूट आणले की दुसऱ्या तासाला फोड. नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर अंगठा काळा पडतो.

घाटवाटा
मान्य. गमबूट मागे घेतला.

कंपालाकर
पोर्टर घ्याच, दोघांना दोन. माणशी साधारण २० डॉलर, वर टिप. तो फक्त बॅग उचलत नाही, चढावर वरून हात देतो आणि उतारावर तुमच्या खाली उभा राहतो. गुडघेवाल्यांना याहून चांगला उपाय नाही. 'आम्ही ट्रेकर, आमची बॅग आम्हीच उचलणार' हा सह्याद्रीचा बाणा इथे ठेवू नका. पोर्टर शेजारच्या गावातले असतात आणि जंगल टिकल्याचा रोख फायदा त्यांना यातूनच दिसतो.

बाबांना अगदीच जमेना तर चौघांनी उचलायची पालखी मिळते, गंमतीने तिला 'आफ्रिकन हेलिकॉप्टर' म्हणतात. माणसं आलटूनपालटून उचलतात, खर्च काही शे डॉलर. ती आदल्या दिवशी सांगून ठेवायची, मधेच जंगलात फोन करून येत नाही.

सकाळी कुटुंबांची वाटणी होते तेव्हा गाइडला गुडघ्याचं स्पष्ट सांगा. लोक लाजेने गप्प बसतात आणि लांबच्या कुटुंबाच्या गटात जातात.

डॉलरच्या नोटा २००९ नंतरच्या, न फाटलेल्या, पेनाची रेघ नसलेल्या. जुनी नोट घेतच नाहीत. युगांडात शिलिंग करताना १०० च्या नोटेला भाव चांगला, सुट्या छोट्या नोटांना कमी. म्हणून टिपेसाठी सुट्या, बदलून घ्यायला मोठ्या.

निसर्गवेडी
तिथे पोचल्यावर काय होतं ते थोडक्यात. ट्रॅकर पहाटेच निघतात आणि कालच्या संध्याकाळी कुटुंब जिथे सोडलं तिथून माग काढतात. गोरिला रोज नवी घरटी करून झोपतात. ताज्या घरट्यांवरून आणि शेणावरून दिशा कळते, ती वायरलेसवर तुमच्या गाइडला. जवळ आलं की काठ्या, बॅगा, खाणं पोर्टरजवळ ठेवून फक्त कॅमेरा घेऊन पुढे जायचं, मास्क लावून. घड्याळ तिथून सुरू.

बोट दाखवायचं नाही. हळू, खालच्या आवाजात बोलायचं. सिल्व्हरबॅक अंगावर धावून आला तर पळायचं नाही, खाली बसायचं, नजर जमिनीकडे. बहुतेक वेळा तो इशाराच असतो, पण पळणाऱ्याच्या मागे तो जातो. गाइड मधूनच घसा खाकरल्यासारखा खोल 'म्म्ह्ह्' आवाज काढतो. 'आम्ही आहोत, सगळं ठीक' असा गोरिलांचाच तो आवाज आहे. तुम्ही काढू नका.

जंगलात शौचाला जावं लागलं तर गाइडला सांगायचं. तो खड्डा करून देतो, ३० सेंटिमीटर खोल, नंतर बुजवायचा. कारण तेच, संसर्ग.

डोंगरकपार
विषयांतर करतो. एवढे पर्यटक नेऊन गोरिलांना त्रासच होत असणार. १०० टक्के बंद का करत नाहीत?

निसर्गवेडी
बंद केलं तर पहारा कोण पोसणार? विरुंगा पर्वतरांगेत २०१५-१६ च्या मोजणीत ६०४ आणि ब्विंडी आणि त्याला लागून काँगोत असलेल्या सराम्ब्वेत २०१८ च्या मोजणीत ४५९, मिळून १०६३. मोठ्या वानरांत संख्या वाढती असलेली उदाहरणं दुर्मीळ, त्यातलं हे. २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं. त्रास होतो हे खरं, म्हणूनच आठ माणसं आणि एक तास. पण १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा जंगलात राहणाऱ्या बाट्वांना बाहेर काढलं, त्यांना जमीनही नीट मिळाली नाही. टीका करायची तर तिथून सुरू करा. बाट्वांचे कार्यक्रम बघायला जाल तेव्हा पैसे कोणाच्या हातात जातात ते विचारा.

चिकूशेठ
धागा गंभीर झाला. शाकाहारींनी काय खायचं ते सांगा.

कंपालाकर
उपाशी राहणार नाही. युगांडात चपाती हा रस्त्यावरचा पदार्थ आहे, बीन्स, मटोके (शिजवलेली हिरवी केळी), बटाटा, भात, अव्होकाडो सगळीकडे. ट्रेकच्या डब्यात मात्र अनेकदा ब्रेड, अंडं, केळं. ठेपले, चिक्की, सुकामेवा आणा. ते प्लास्टिकच्या पिशवीत भरून रवांडात उतरू नका. तिथे २००८ पासून पिशव्यांवर बंदी आहे आणि बॅग उघडून काढून घेतात. कापडी पिशवी, स्टीलचा डबा. आणि पाणी माणशी दोन लिटर.

युगांडात प्लग ब्रिटिश चौकोनी तीन पिनांचा. रवांडात दोन गोल पिनांचा, आपला मोबाइल चार्जर बसतो.

सातमाळा
सगळ्यांचे आभार. बाबांची फिजिशियनभेट झाली, लशीला हरकत नाही. आता बेत असा : मुंबई ते किगाली, एक रात्र किगाली. दुसऱ्या दिवशी मुसांझेवरून सियानिका सीमा ओलांडून रुशागा, तिथे दोन रात्री, मधल्या दिवशी ट्रेक. मग लेक बुन्योन्यी दोन रात्री, परत किगाली. एक दिवस राखीव. व्हिसा रवांडाचा आणि युगांडाचा वेगवेगळा ऑनलाइन काढणार. लस जायच्या आठ दिवस आधी, तोवर ऑफिसचं काम संपतं. काही चुकतंय का?

औषधपाणी
लस चुकतेय. दहा दिवस पूर्ण व्हायला हवेत, आठ चालणार नाहीत. महिनाभर आधीच घ्या. नंतर दोन-तीन दिवस अंग दुखतं, ताप येतो. तो ट्रेकच्या दिवशी आला तर गेटवरूनच परत.

कंपालाकर
व्हिसाही चुकतोय. रवांडाचा साधा व्हिसा एकाच प्रवेशाचा. किगालीत शिरलात, युगांडात गेलात की तो संपला, परत शिरायला नवा. त्याऐवजी ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा काढा : १०० डॉलर, ९० दिवस, रवांडा-युगांडा-केनिया तिन्हींत कितीही वेळा ये-जा. ज्या देशात आधी उतरता त्याच्याकडेच अर्ज करायचा, म्हणजे तुमचा रवांडाच्या संकेतस्थळावर. भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेता येते का आणि त्याचे कागद कोण करणार, हे ऑपरेटरकडून लेखी घ्या.

आणि सियानिकाला घड्याळ एक तास पुढे करा. युगांडा रवांडापेक्षा एक तास पुढे आहे. मोबाइल सीमेजवळ कधी या बाजूचं नेटवर्क पकडतो, कधी त्या बाजूचं, त्यामुळे त्याच्या गजरावर विसंबू नका. रुशागाला सकाळी साडेसातला पोचायचंय ते युगांडाच्या वेळेने.

सातमाळा
बरं झालं विचारलं. लस आणि व्हिसा दोन्ही बदलतो. परमिटसाठी उद्या ऑपरेटरला दोन्ही पासपोर्टच्या प्रती पाठवतोय.

निसर्गवेडी
प्रत पाठवताना 'रुशागा' असं मेलमध्ये स्पष्ट लिहा. परमिट आलं की विभाग, तारीख आणि बाबांच्या नावाचं स्पेलिंग तपासून मगच बाकीचे पैसे.